तार

शनिवारी रात्री साडेनऊला लाइट गेली
आणि तेवढ्यात मेसेज आला:
उद्या उपासनेला जाऊ नका. शंभर लोक येणार आहेत.
हा पाहा फोटो. दहा जणांना पाठवा.
मी नावं निवडायला लागले.
अंगठा थरथरत होता, पण थांबत नव्हता.

तामारआत्या आली, ओच्यात किल्ल्या,
म्हणे चर्चला कुलूप घाला, पहाटेच मेहकरला निघू.
धाकटा दीर आमोस म्हणे
मागच्या भिंतीशी दगड जमवतो.
तिच्या मोबाइलमधला कुणी पाळक
घसा फोडून सांगत होता, शेवटची घटका भरली,
आणि खाली त्याचा खाते क्रमांक.

सासरे बाजेवर. शद्रक खंडारे,
एकतीस वर्षं जिनिंगमध्ये ग्रेडर.
गाडीतून चिमूटभर कापूस उचलायचा,
दोन अंगठ्यांत धरून हळू ओढायचा,
तार किती निघते ते नजरेनं मोजायचं.
सरकी दाताखाली धरायची,
कट्कन वाजली तर कोरडी,
दबली तर माल ओला,
मग शेटजी कितीही ओरडो.

"आण इकडे," म्हणाले. चष्मा पुसला. किती वेळ पुसला.
"हे मांगं काय हाय?"
नारळ, मी म्हटलं.
"आपल्या गावात नारळ कुठी हाय वं?"

आमोस हसला. तामारआत्या डोळे पुसत हसली.
ते हसले नाहीत.
"पण बुधवारी कब्रस्थानातला क्रूस मोडला,
नथानिएलच्या मायचा.
थो म्या सोता पाह्यला. थे खरं हाय.
कवडी येगळी काढा, रुई येगळी.
सारं गाठोडं फेकू नका,
सारं डोक्यावर घेऊ नका."

मग अंधारातच सायकल काढून
पोलीस पाटलाकडे गेले,
क्रूसाचं सांगून आले, वहीत तारखेसकट लिहायला लावून.
नारळाचा विषय तिथं काढला नाही.

प्रार्थना त्यांची नेहमीइतकीच लहान:
"प्रभू, भेलो हाओ, तुले ठाऊक हाय.
फक्त काटा भेवाच्या हाती देऊ नको."
रात्रीतून तीनदा उठून त्यांनी कडी पाहिली.
मी जागीच होते. बोलले नाही.

रविवारी घंटा नऊलाच वाजली,
रोजच्या हातानं, ना चढी ना दबकी.
आलो अकरा जण, आणि एक कुत्रं.
आमोस दाराशी बसला, हात रिकामे,
मुठी मात्र मिटलेल्या.
तिसऱ्या गीताला फाटकाशी दोन पोरं उभी राहिली
मोबाइल आमच्याकडे धरून.
माझ्या पाठीला घाम. मांडीवरची लेक इतकी आवळली
की ती ओरडली.

सासरे उठले. गीत चालूच.
फाटकापर्यंतची ती पंधरा पावलं
मी अजून मोजते.

"तू देविदास ढोऱ्याचा काय?
तुह्या बापाचा माल लय कोरडा राहे.
एक डाव पावसात सापडला,
तं सोताच म्हणे, शद्रक, आज ओला हाय, भाव कमी लाव."
पोरगं काही बोललं नाही.
एकानं मोबाइल खिशात घातला.
दुसऱ्यानं नाही.
ढोऱ्याचा त्यातला कोणता, मला दिसलं नाही.
सासऱ्यांना ठाऊक आहे. ते सांगत नाहीत.

संध्याकाळी व्हिडिओ कुठे आला का, शोधत बसले
तेव्हा दिसलं:
दहातली सात नावं माझ्या अंगठ्यानं
शनिवारीच गाठली होती.
सातही जणांना फोन केला, एकेकाला.
मी पाठवलेलं खोटं होतं.
क्रूसाचं खरं आहे.
चौथीला सांगताना आवाज फुटला.
सहावी म्हणाली, हो का, मी तर पुढं पाठवलंसुद्धा.

आता उशीच्या उसवल्या कोपऱ्यातून
चिमूटभर कापूस काढलाय.
ओढून पाहते. तुटतो.
पुन्हा ओढते.
बाजेवरून, इकडे न बघता, सासरे म्हणतात,
"घाईनं नको ओढू."